आमगावची सिस्टर, ब्रेंटची सिस्टर

आमच्या मोठ्या आईला अख्खं आमगाव सिस्टर म्हणायचं. तिची धाकटी जाऊ, म्हणजे माझी आई, तीही चारचौघांत तिला सिस्टरच म्हणे. नोकरीतून निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी रात्री-अपरात्री दाराची कडी वाजायची, बाहेरून कुणीतरी विचारायचं, "सिस्टर हायेत का जी?" आणि ती लुगडं सावरत उठायची. पुढे मी नर्सिंग शिकले, शिकवायलाही लागले, तेव्हा तिच्याजवळ बसून जुन्या गोष्टी खोदून खोदून विचारायची मला सवय लागली. इथे लिहितेय त्यातलं बरंचसं तिने ओसरीवर तांदूळ निवडताना सांगितलेलं आहे. उरलेलं तिच्या सांगण्याचा धागा धरून मी शोधलं.

तिच्या लहानपणी गोंदिया जिल्हा नव्हताच, तो १९९९ साली झाला. आमगाव भंडारा जिल्ह्यात होतं, भंडारा मध्य प्रांतात (पुढे त्याचंच मध्य प्रदेश झालं) आणि त्याची राजधानी नागपूर. वडील कॉलऱ्यात गेले. आई विड्या वळायची. तेंदूची पानं भिजवणं, कात्रीने कापणं, जर्दा भरून दोरा गुंडाळणं, यात दिवस जायचा आणि पदरात पडायचे मोजके पैसे. शाळेतल्या बाईंनी सुचवलं की नागपूरच्या मिशन दवाखान्यात पोरींना नर्सचं काम शिकवतात, राहायला-जेवायला देतात, वर थोडं विद्यावेतनही मिळतं. भावकी खवळली. परक्या माणसाच्या अंगाला हात लावणार, कुणाचंही उष्टं-खरकटं काढणार, हिच्याशी लग्न कोण करणार? तिची आई एवढंच म्हणाली, "माही बोटं झिजली इड्या वळून. इची नाही झिजू देनार." मग पत्र्याची पेटी घेऊन पोरगी पॅसेंजरमध्ये बसली.

म्युर मेमोरियल हा स्कॉटलंडच्या मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी नागपुरात बायकांसाठी उभारलेला दवाखाना. मोठी आई तिथल्या एका स्कॉटिश सिस्टरबद्दल फार बोलायची. ती मराठी पुस्तकातून शिकलेली, त्यामुळे प्रत्येक शब्द सुटा आणि पुरा उच्चारायची. चादरीचा कोपरा दुमडताना जराशी सुरकुती राहिली की म्हणायची, "तुम्ही पुन्हा करा." तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही तेच, आवाज न चढवता. मोठ्या आईला कोपऱ्यापेक्षा ते 'तुम्ही' लक्षात राहिलं. विडी वळणारणीच्या पोरीला तोवर कुणी अहो-जाहो केलं नव्हतं. छातीवर उलटं घड्याळ लावून नाडी कशी मोजायची, तापाचा तक्ता कसा भरायचा, मेलेल्या माणसाचं अंगही पडदा लावूनच का पुसायचं, हे सगळं ती तिथे शिकली. पुस्तकं मात्र सगळी परदेशी होती. पुस्तकातला पेशंट उंच पलंगावर झोपायचा आणि त्याच्या खिडकीबाहेर बर्फ पडायचं. आमच्या सालेकसा-देवरीकडचा पेशंट बाजेवर असायचा, बाज चुलीजवळ, आणि बाहेर धानाच्या बांधीत गुडघाभर चिखल. हे अंतर स्वतःचं स्वतः पार करावं लागलं, असं ती म्हणे.

होस्टेलमध्ये रात्री मुली एकमेकींना कमलताईंची गोष्ट सांगत. कमलताई होस्पेट लहान वयात विधवा झाल्या, नागपूरच्या डफरिन हॉस्पिटलमध्ये नर्सिंग शिकल्या आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्यासोबत त्यांनी मातृसेवा संघ सुरू केला. पुढे विदर्भात गावोगाव संघाची प्रसूतिगृहं झाली आणि १९६१ मध्ये कमलताईंना पद्मश्री मिळाली. आता हे डफरिन कुठून आलं ते पाहा. १८८५ साली व्हाइसरॉयची पत्नी लेडी डफरिन हिने हिंदुस्थानातल्या बायकांना बायकांच्या हातून उपचार मिळावेत म्हणून निधी उभारला, त्यामागे राणी व्हिक्टोरियाची सूचना होती. म्हणजे इंग्लंडच्या राणीने सुचवलेलं काम नागपूरला पोहोचलं, तिथे एका बालविधवेच्या हाती कसब आलं, आणि तिने त्यातून स्वतःची संस्था काढली. संस्थेचा कारभार, तिचे नियम, तिथे कुणाला शिकवायचं हे सगळं तिने आणि तिच्या सहकारिणींनी ठरवलं. आंतरराष्ट्रीय भागीदारीवरची कितीतरी भाषणं मी ऐकली आहेत, पण त्यांत कमलताईंचं नाव एकदाही निघालं नाही, याचं मला वाईट वाटतं. विदर्भातलं त्या भागीदारीचं सर्वांत मोठं फळ तेच आहे.

पुण्यातही असंच घडलं. रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या सेवासदनाने १९११ पासून ससूनमध्ये हिंदू घरांतल्या मुलींना नर्सिंग शिकायला पाठवलं. त्याआधी फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुण्याच्या सार्वजनिक सभेशी पत्रव्यवहार करत होत्या. हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत, तरी इथल्या दुष्काळाची आणि गावांच्या सांडपाण्याची माहिती त्यांनी कागदपत्रांतून खणून काढली होती. पण मोठी आई शिकायला गेली, त्याच्या काही वर्षं आधी देशाची स्थिती काय होती? १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने सांगितलं की देशात साधारण ७,००० नर्स आहेत, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगचं पदवी शिक्षण सुरू झालं. आमगावच्या मुलीला दिल्ली-वेल्लोर म्हणजे दुसरा देशच होता.

ती परत आली तेव्हा भंडारा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं नुकती उभी राहत होती. तिच्या ताब्यात आली युनिसेफची पेटी. ही पेटी मी लहानपणी पाहिली आहे, अगदी हात लावून. ॲल्युमिनियमची, एका कोपऱ्याला चेपलेली, झाकणावर इंग्रजी अक्षरं. आत एनामलची किडनी ट्रे, तिच्या काठाचा पांढरा रंग टवके जाऊन काळा पडलेला. कात्री, नखं घासायचा ब्रश, साबणाची डबी, पोटावर टेकवून बाळाचे ठोके ऐकायचं नळकांडं, नाळ बांधायचा दोरा आणि एक ताणकाटा. ताणकाट्याच्या आकड्याला कापडाची झोळी अडकवायची, झोळीत बाळ ठेवायचं आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वास रोखून पाहायचं. साबणाचा आणि लायझॉलचा एकवटलेला वास त्या पेटीतून कधी गेलाच नाही. पेटी उघडली की गावातल्या बायका आधी त्या काट्याभोवती जमत. तोवर धान मोजलं जायचं, मोहफूल मोजलं जायचं, लेकरू कधी कुणी मोजलं नव्हतं.

गावात दाई होती, गोंड समाजातली, वयाने मोठी. सुरुवातीला ती मोठ्या आईला दारातसुद्धा उभं करेना. मोठ्या आईने तिच्याशी वाद घातला नाही. एका अडलेल्या बाळंतपणात ती नुसती तिच्या शेजारी बसून राहिली, दाईने बाईला कसं उकिडवं बसवलं, कंबर कशी दाबली, गोंडीत तिच्याशी काय काय बोलली ते पाहत. बाळ झाल्यावर नाळ कापायला दाईने विळा हातात घेतला, तेव्हा मोठ्या आईने उकळलेली कात्री पुढे केली. दाईने तिच्याकडे पाहिलं आणि कात्री घेतली. त्या दिवसापासून दोघी एकत्र जाऊ लागल्या. "कात्री माही, बाकी सारं तिचं," असं मोठी आई सांगे. बाई बसून बाळंत झाली तर तिला सोपं जातं, हे तिच्या परदेशी पुस्तकात नव्हतं. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेची बाळंतपणाबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं वाचली. बाळंतिणीला तिला हवी ती स्थिती घेऊ द्यावी, असं त्यांत लिहिलेलं होतं. त्या म्हाताऱ्या दाईला ते कोणत्याही कागदाविना ठाऊक होतं.

आमच्या आजोबांना दुसऱ्याच गोष्टीचा अभिमान होता. ते तरुणपणी नागपुरात होते. १९३८ मध्ये जपानी हल्ल्याने होरपळणाऱ्या चीनच्या मदतीला हिंदुस्थानातून पाच डॉक्टर गेले, त्यात नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. कोटणीस सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यांची पत्नी गुओ छिंगलान तिथल्या बेथ्यून वैद्यकीय शाळेत नर्सिंग शिकवायची, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे. डोंगरातल्या त्या शाळेत एक मराठी डॉक्टर आणि एक चिनी नर्स-शिक्षिका मिळून शेतकऱ्यांच्या पोरांना घडवत होते. आपल्याकडून जगाकडे काही गेलं, ते असं गेलं.

१९८० च्या आसपास आमच्याकडे नोकरीसाठी परदेशी जाण्याचं वारं आलं. गोंदियाची एक सिस्टर, मोठ्या आईच्या हाताखाली उमेदवारी केलेली, कुवेतला गेली. तिच्या पगारात दोन भावांची शिक्षणं झाली, विटांचं घर झालं. १९९० च्या ऑगस्टमध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा ती वाळवंटातून बसने अम्मानला आली आणि एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला उतरली. लाखाहून अधिक भारतीय त्या वेळी असे परत आणले गेले. ती म्हणायची, तिकडच्या अतिदक्षता विभागात जे शिकले ते इकडे कुणी विचारलंच नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची काळजी कशी घ्यायची हे तिला हातखंडा येत होतं, आणि परत आल्यावर तिला एका खासगी दवाखान्यात इंजेक्शनं देण्याचं काम मिळालं. तिला शिकवायला बोलवावं असं कुठल्या शाळेच्या मनात आलं नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोठं नुकसान हेच. बाई बाहेर जाऊन शिकून आली, आणि तिच्या शिकण्याला इथे दारच नव्हतं.

आज माझ्या वर्गातल्या मुली जर्मन शिकतात. महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला आहे, त्यात नर्सही आहेत. आमच्या जिल्ह्यातल्या तिरोड्याची, गोरेगावची पोरगी मोबाइलवर जर्मन क्रियापदं घोकत बसते, ते पाहून मला आनंदच होतो. तिने जावं. तिच्या आईनेही विड्याच वळल्या आहेत. जगात नर्सेसची संख्या तीन कोटींच्या घरात आहे आणि तरी पन्नास लाखांहून अधिक कमी पडतात, हा जागतिक आरोग्य संघटनेचाच हिशेब आहे. मागणी खरी आहे. पण भरती वेगळी आणि शिक्षणातली भागीदारी वेगळी, हे आपण स्पष्ट बोललं पाहिजे. त्याच संघटनेने २०१० साली आरोग्य कर्मचाऱ्यांच्या परदेशी भरतीसाठी आचारसंहिता केली. ज्या देशातून माणसं नेता त्या देशाच्या शिक्षणाला आणि आरोग्यव्यवस्थेला हातभार लावा, असं ती सांगते. हा हातभार गोंदियाच्या नर्सिंग शाळेच्या प्रयोगशाळेत दिसला पाहिजे, शिकवणाऱ्या बाईच्या पुढच्या शिक्षणात दिसला पाहिजे. तो मला अजून दिसलेला नाही.

आणि आपल्याकडे देण्यासारखं काय आहे, हा प्रश्न कुणी विचारला की मी सिकलसेलचं नाव घेते.

मागे एका वॉर्डात पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी कण्हत पडली होती. हातपाय, छाती, पाठ, सगळं दुखत होतं. ड्यूटीवरच्या कुणीतरी म्हटलं, ही दर महिन्याला येते, नाटक करते. माझ्यासोबत सालेकसा तालुक्यातली एक विद्यार्थिनी होती. ती स्वतः सिकलसेलची वाहक. तिने मुलीच्या आईजवळ बसून गोंडीत विचारलं, केव्हापासून, कुठून सुरू झालं, रोवणीला गेली होती का, पाणी प्यायली होती का. आई घडाघडा बोलू लागली. पोरगी पावसात भिजत दिवसभर रोवणी करत होती, पाणी जेमतेम घोटभर. सिकलसेलच्या आजारात थंडी, ओल, थकवा आणि पाण्याची कमतरता, यांनी तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि त्यापुढे रक्त पोहोचत नाही. ते दुखणं हाडं मोडल्यासारखं असतं. विद्यार्थिनीने सगळं नोंदवलं, डॉक्टरांना सांगितलं, सलाईन आणि वेदनाशामक सुरू झालं, अंगावर कोरडं पांघरूण आलं. तासाभराने मुलीचं कण्हणं कमी झालं.

विदर्भातल्या या आजाराकडे जगाचं लक्ष जुनं आहे. १९५८ साली नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने २०४७ पर्यंत आजार संपवण्याचं अभियान सुरू केलं. तपासण्या होतात. पण तपासणीनंतर घरात बसून समजवायचं काम नर्सचं. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात एसएस, म्हणजे आजार असलेलं, बाळ होण्याची शक्यता चारात एक असते, हे लग्नाआधी, कुणाचा अपमान न करता, मुलीला दोष न देता सांगणं ही मोठी विद्या आहे.

ही विद्या जगात आणखी एका नर्सने उभी केली. एलिझाबेथ अनिऑनवू या ब्रिटिश नर्सने १९७९ मध्ये लंडनच्या ब्रेंट भागात सिकलसेल आणि थॅलसेमियासाठी समुपदेशन केंद्र सुरू केलं. ब्रिटनमधलं ते पहिलं, आणि सिकलसेलच्या समुपदेशनाचं काम करणारी तिथली पहिली नर्सही त्याच. ब्रेंटमधल्या कृष्णवर्णीय मुलांच्या दुखण्यालाही दवाखान्यांत नाटक म्हटलं जायचं. आमच्या वॉर्डातल्या मुलीची कथा आणि ब्रेंटच्या मुलाची कथा एकच आहे. मग ब्रेंटची सिस्टर आणि आमगावची सिस्टर एका टेबलाशी का बसू नयेत? इथे कुणी दाता नाही, कुणी याचक नाही. त्यांच्याकडे समुपदेशनाचा दीर्घ अनुभव आहे, आमच्याकडे हा आजार गावोगाव, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळणारी घरं आहेत, आणि गोंडी, पोवारी, छत्तीसगढीत बोलू शकणाऱ्या मुली आहेत.

आणि हे स्वप्नरंजन नाही. शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च'ने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांत तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बाळांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली. ज्या युनिसेफची पेटी मोठ्या आईने डोक्यावर वाहिली, त्याच युनिसेफने आमच्या शेजारच्या जिल्ह्याचा धडा घेतला. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मॅबेल आरोळे यांनी १९७० पासून गावच्या बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि पुढे त्याच बायका परदेशी विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या.

नेतृत्व मोठ्या शहरातूनच येतं, असंही समजू नका. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मुख्य परिचर्या अधिकारी झाल्या त्या एलिझाबेथ इरो, कुक आयलंड्सच्या. त्या देशाची लोकवस्ती वीस हजारांच्या आत, गोंदिया शहराच्या एका भागात मावेल एवढी. त्यांच्यानंतर आलेल्या अमेलिया तुईपुलोतू टोंगाच्या. पॅसिफिकच्या बेटावरून जिनिव्हाला जाता येतं, तर गोंदियाहूनही येईल. त्यासाठी इथल्या नर्सला उच्च शिक्षणासाठी रजा, संशोधनाला थोडा पैसा आणि निर्णयाच्या बैठकीत खुर्ची लागते. आमच्याकडे नर्सिंगच्या शिक्षिका वर्षानुवर्षं ट्यूटर म्हणून रुजू होतात आणि ट्यूटर म्हणूनच निवृत्त होतात.

गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. केटीएस आणि गंगाबाई ही दोन्ही मोठी रुग्णालयं त्याला जोडलेली आहेत. याच आवारात सिकलसेल परिचर्येचा एक वर्षाचा अभ्यासक्रम सुरू करावा, असं माझं वैद्यकीय शिक्षण विभागाला सांगणं आहे. गोंडी बोलणाऱ्या मुलींसाठी त्यात जागा राखून ठेवाव्यात. ब्रेंटसारख्या केंद्राशी करार करावा, त्यात आमच्या दोन शिक्षिका तिकडे आणि त्यांच्या दोन सिस्टर इकडे, असं स्पष्ट लिहावं. जर्मनीच्या करारातही एक कलम घालावं, की परत येणाऱ्या नर्सच्या तिकडच्या अनुभवाची नोंद होईल आणि तिला शिकवण्याच्या पदासाठी अर्ज करता येईल. कुवेतहून आलेल्या त्या सिस्टरला हे दार मिळालं नाही. जर्मनीतल्या स्टुटगार्टहून परत येणारीला तरी मिळायला हवं, आणि त्यासाठीचं कलम आज, मुली जायच्या आधी, लिहून घ्यायला हवं.